सादच्या मुलींचा वाटा

इस्लामने अरबांना एक देव दिला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मशिदीतल्या मकतबमध्ये आणि शाळेच्या इतिहासातही मी हेच शिकलो. पुढे कुरआन अर्थासह वाचायला घेतले तेव्हा लक्षात आले की गोष्ट तशी नाही. मक्केच्या लोकांना अल्लाह आधीपासून ठाऊक होता. आकाश आणि जमीन कोणी घडवली, सूर्यचंद्रांना कामाला कोणी लावले, असे यांना विचारलेस तर ते अल्लाहचेच नाव घेतील, असे खुद्द कुरआनातल्या २९व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, आहे. पैगंबरांच्या वडिलांचे नावच अब्दुल्लाह, म्हणजे अल्लाहचा बंदा, आणि ते इस्लाम येण्याच्या कितीतरी आधी वारले होते. नाव जुनेच होते. त्या नावाच्या जोडीला दुसरे कोणीही नाही, हे सांगणे नवे होते.

कारण जोडीला पुष्कळ होते. ताइफची लात, नखल्याची उज्जा, समुद्राच्या अंगाला कुदैदची मनात, काबागृहात हुबल. काबागृहात आणि भोवती ३६० मूर्ती होत्या, असे परंपरा सांगते. या जोडीला ठेवण्याला कुरआनचा शब्द आहे शिर्क. आपण मराठीत कोणाच्या सुखदुःखात शरीक होतो, तो शब्द त्याच धातूचा. शिर्क म्हणजे भागीदारी: जे एकाचे आहे त्यात दुसऱ्याला वाटेकरी करणे. भांडण देव आहे की नाही यावर नव्हतेच, ते वाटेकऱ्यांवर होते.

आता मूर्तींना वाटेकरी म्हटल्याने मक्केच्या कुरैश टोळीसारखे व्यवहारी, व्यापारी लोक इतके का बिथरले? यात्रा बंद पडेल, व्यापार बुडेल, हे कारण नेहमी दिले जाते, आणि ते आहेच. पण कुरआनात विरोधकांच्या तोंडी जे वाक्य पुन्हा पुन्हा येते ते पैशाचे नाही. ते वाडवडिलांचे आहे. आमच्या बापजाद्यांना आम्ही या वाटेवर पाहिले आणि त्यांच्याच पावलांवर आम्ही चालतो, असे ते म्हणतात. त्या काळच्या हिजाजमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशात, राजा नव्हता, कोतवाल नव्हता, न्यायालय नव्हते. माणसाचा जीव सुरक्षित होता तो त्याच्या कुळामुळे. तुमचा कोणी खून केला तर तुमचे कुळ सूड घेईल, ही भीतीच तेवढी कायद्याच्या जागी होती. ज्याला कुळ नाही, त्याला कोणीही मारावे. अशा जगात वाडवडिलांचा शब्द हाच शेवटचा शब्द असतो, आणि त्यांनी मानलेला देव हा कुळाच्या इज्जतीचा भाग असतो. देव वाटून घेतलेले होते आणि त्याच वाटणीने माणसेही लावून ठेवलेली होती, कोण वर, कोण खाली, कोण बाहेर.

म्हणून तौहीदचा, म्हणजे देवाच्या एकत्वाचा, सामाजिक अर्थ मी असा लावतो: वर एकच आहे, म्हणून त्याच्या खालचे सगळे एका पातळीवर आहेत. बापजाद्यांचा शब्दही त्याच्या खाली. पण हा अर्थ आपोआप निघत नाही, हे मला या लेखात आग्रहाने सांगायचे आहे. तो काढावा लागतो, आणि काढला की कुठेतरी लिहून ठेवावा लागतो, कायद्यात, बैतुलमालच्या म्हणजे सार्वजनिक खजिन्याच्या वहीत, वारसांच्या वाटणीत. जिथे तो असा लिहिला गेला तिथे समाज खरोखर हलला. जिथे तो नुसता श्रद्धेवर सोडला तिथे दोन पिढ्यांत जुने कुळ परत येऊन बसले. इस्लाम आला आणि समता आली, असे सांगणारे आमचे वक्ते आणि इस्लामने काहीच बदलले नाही असे सांगणारे बाहेरचे वक्ते, दोघेही हा मधला हिशोब बघत नाहीत.

मक्केतल्या आरंभीच्या छोट्या सूरा वाचल्या की एक गोष्ट चटकन दिसते. त्यांत अनाथ आहे, भुकेला आहे, गुलाम आहे. संपत्ती गोळा करून मोजत बसणाऱ्याला तिथे फटकारले आहे. धर्माला खोटे ठरवणारा कोण, तर जो अनाथाला ढकलून देतो तो. आणि ९०व्या सूरेत एक शब्द आला आहे, अकबा. डोंगरातली अवघड चढण. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला तो घाट म्हटल्यावर लगेच कळावा. माणूस हा घाट चढायला धजत नाही, असे म्हणून कुरआन विचारतो, घाट म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे? आणि उत्तर देतो: एखादी मान मोकळी करणे, म्हणजे गुलामाला सोडवणे. भुकेच्या दिवशी नात्यातल्या अनाथाला, धुळीत पडलेल्या गरिबाला जेवू घालणे. श्रद्धेचा उल्लेख त्यानंतर येतो. हा क्रम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

याहून धारदार प्रसंग ८०व्या सूरेत आहे. पैगंबर कुरैशांच्या बड्या असामींशी बोलत होते. ही माणसे वळली तर अख्खे शहर वळेल, ही आशा. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम नावाचा आंधळा माणूस मध्येच काही शिकायला आला. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवले. आणि वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, उतरली ती थेट पैगंबरांनाच बोल लावणारी: जो स्वतःला कोणाची गरज नाही असे समजतो त्याच्याकडे तू लक्ष देतोस, आणि जो धावत, मनात भीती धरून आला त्याच्याकडे दुर्लक्ष करतोस. ही ओळ कुरआनात तशीच राहिली आणि चौदाशे वर्षे पाठ केली जाते आहे. धर्मसंस्थापकाची चूक त्याच्याच धर्मग्रंथात, तीही एका आंधळ्या गरिबाच्या बाजूने नोंदलेली. तौहीद मानणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. देव एक असेल तर पैगंबरसुद्धा त्याच्यापुढे जबाबदार आहे. पुढे याच आंधळ्या माणसाला मदिनेत अजान देण्याचे काम मिळाले, आणि पैगंबर मोहिमेवर असताना नमाजाचे नेतृत्वही.

बिलालची कथा सर्वांना माहीत आहे. हबशी गुलाम, मालक उमय्या इब्न खलफ, मक्केचे ऊन, छातीवर दगड आणि तोंडी एकच शब्द, अहद, एक. पण कथेतला एक तपशील आपण भराभर ओलांडून जातो. त्याच काळात पैगंबरांनाही विरोध होत होता, पण त्यांच्या छातीवर दगड ठेवायची कोणाची हिंमत नव्हती, कारण चुलते अबू तालिब कुळाचे प्रमुख म्हणून पाठीशी उभे होते, स्वतः इस्लाम न स्वीकारता. छळ झाला तो ज्यांना कुळाचे छत्र नव्हते त्यांचा: बिलाल, खब्बाब, अम्मार, आणि अम्मारची आई सुमय्या, जिला या छळातच ठार मारले. म्हणजे नवी श्रद्धा आली तरी संरक्षणाची व्यवस्था जुनीच होती. बिलाल सुटला तो पैगंबरांचे साथी अबू बक्र यांनी पैसे मोजून विकत घेऊन सोडवला तेव्हा. त्या घडीला एका माणसाच्या दयेवाचून दुसरा रस्ता नव्हता.

रस्ता निघाला तो ६२२ साली मदिनेत. तिथे पहिल्यांदा कुळाच्या पलीकडचा समुदाय कागदावर आला. मदिनेचा जो करार म्हणून ओळखला जातो त्यात मक्केचे निर्वासित, मदिनेच्या टोळ्या आणि त्यांच्याशी जोडलेले ज्यू यांच्या जबाबदाऱ्या लिहिल्या आहेत: रक्तदंड कोणी भरायचा, कैद्याला कोणी सोडवायचे, शहरावर हल्ला झाला तर कोणी लढायचे. औस आणि खजरज या टोळ्यांनी काही वर्षांपूर्वीच एकमेकांचे गळे कापले होते. त्यांना एका उम्मतमध्ये, म्हणजे एका समुदायात, बसवणे हे केवळ प्रवचनाने होण्यासारखे नव्हते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे येतो. साद इब्न रबी. मदिनेचा, खजरज टोळीचा, सधन. मक्केहून आलेल्या निर्वासितांची पैगंबरांनी मदिनेच्या एकेका माणसाशी भाऊ म्हणून जोडी लावून दिली, तेव्हा सादच्या वाट्याला अब्दुर्रहमान इब्न औफ आले. साद त्यांना म्हणाला, माझी निम्मी मालमत्ता तुझी. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली आणि म्हणाले, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखव. दोघांचेही मोठेपण सांगणारी ही गोष्ट जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, मी अनेकदा ऐकली आहे.

त्याच सादची पुढची गोष्ट मात्र फारशी ऐकू येत नाही. ६२५ साली उहुदच्या लढाईत साद मारला गेला. मागे बायको आणि दोन मुली. सादच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्याने काही चोरी केली नव्हती. अरबांची रीतच अशी होती की जो तलवार धरू शकतो, कुळाचे रक्षण करू शकतो, तो वारस. बायका आणि लहान मुले यांना वाटा नाही. सादची विधवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, या सादच्या मुली. यांचा बाप उहुदला तुमच्याबरोबर लढताना पडला, आणि यांच्या चुलत्याने सगळे घेतले. पैशावाचून यांची लग्ने कशी होणार? पैगंबरांनी तिला थांबायला सांगितले. मग वारसाहक्काची आयत, म्हणजे कुरआनातले वचन, उतरली. चुलत्याला बोलावून सांगण्यात आले: मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला एक अष्टमांश दे, उरेल ते तुझे.

हिशोब करून पाहा. चोवीस वाटे केले तर सोळा मुलींचे, तीन आईचे, पाच चुलत्याचे. काल ज्याच्याकडे चोवीस होते त्याच्याकडे आज पाच.

ज्याने अनोळखी माणसापुढे आपली निम्मी संपत्ती ठेवली, त्याच्याच पोटच्या मुलींना त्याच्या सख्ख्या भावाने काही ठेवले नाही, आणि दोघेही त्याच समाजातले. सादचे मन मोठे होते, म्हणून त्याच्या भावाचे झाले नाही. मोठ्या मनाच्या माणसावर समाज उभा करता येत नाही, कारण तो माणूस उहुदवर पडतो. मुलींना वाटा मिळाला तो अपूर्णांकांमुळे. कुरआनाने इथे दानधर्माचा उपदेश करून सोडून दिले नाही. आकडे दिले. मराठीत वारस हा शब्द अरबीतूनच आला, हक्क हाही.

मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, हा प्रश्न आज विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. खर्चाची जबाबदारी पुरुषावर होती म्हणून, हे परंपरेचे उत्तर त्या काळाला धरून आहे. आज बाई कमावते आणि घरही चालवते, तिथे ते पुरत नाही, असे माझे मत आहे. पण शून्यावरून निम्म्यावर येणे ही काय उडी होती ते कळायला शेजारी बघावे. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता पूर्णपणे स्वतःच्या नावे ठेवण्याचा अधिकार १८८२ साली मिळाला. आपल्याकडे हिंदू वारसा कायदा १९५६चा, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली आला.

जकातीचेही असेच. ती द्यायची इच्छा झाली तर द्यायची नाही, साठलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग दरसाल काढायचाच, आणि ती कोणाकोणाला द्यायची त्या आठ बाबीही नवव्या सूरेत सांगून ठेवल्या. त्यांतली एक बाब गुलामांच्या माना सोडवण्यासाठी.

इथे मला गुलामीपाशी थांबावेच लागते. गुलाम सोडवणे हा घाट आहे असे सांगणाऱ्या ग्रंथाने गुलामी बंद केली नाही. पापाचे प्रायश्चित्त म्हणून गुलाम सोडावा, पैसे फेडून मोकळे होण्याचा करार त्याने मागितला तर करून द्यावा, मालकापासून मूल झालेली दासी मालकाच्या मृत्यूनंतर मोकळी व्हावी, अशी दारे कुरआनाने आणि पुढच्या फिक्हने, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राने, उघडी ठेवली. पण बाजार चालू राहिला. इराकच्या दक्षिणेला खारट दलदलीत राबवलेल्या जंज गुलामांनी ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे अब्बासी खिलाफतीशी लढाई केली. सौदी अरेबियात गुलामी कायद्याने बंद झाली १९६२ साली आणि मॉरिटानियात १९८१ साली. दार उघडे ठेवणे आणि भिंत पाडणे यांत तेराशे वर्षांचे अंतर पडले. आमच्या वाझमध्ये, म्हणजे धार्मिक प्रवचनात, बिलालचे नाव घेतले की टाळ्या पडतात, हे अंतर कोणी सांगत नाही.

आणि एकत्वाने सगळ्यांना सामावून घेतले, असेही नाही. मदिनेच्या करारात ज्यूंना त्यांचा धर्म आणि मुसलमानांना त्यांचा, असे लिहिले होते. पाच वर्षांत बनू कैनुका आणि बनू नजीर या ज्यू टोळ्या हद्दपार झाल्या आणि ६२७ साली बनू कुरैजा या तिसऱ्या टोळीच्या पुरुषांना ठार मारण्यात आले. त्यामागे युद्ध होते, फितुरीचा आरोप होता, त्या काळचे लढाईचे नियम होते. हे सगळे मला माहीत आहे, तरी तो प्रसंग वाचताना मन जड होते आणि ते झाले पाहिजे. एका पातळीवर आणणाऱ्या विचाराला स्वतःची वेसही असते, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

६३० साली मक्का हाती आली. काबागृहातल्या मूर्ती काढल्या गेल्या आणि छतावर चढून बिलालने अजान दिली. ज्या शहरात त्याच्या छातीवर दगड ठेवला होता त्याच शहरात. काही सरदारांना ते बघवले नाही, अशा नोंदी परंपरेत आहेत, आणि माणसांना एका स्त्री-पुरुषापासून निर्माण केले, टोळ्या केल्या त्या ओळख पटावी म्हणून, ही ४९व्या सूरेतली आयत काही भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. पैगंबरांनी आयुष्याच्या अखेरीस सीरियाकडे जे सैन्य पाठवायचे ठरवले त्याचा सेनापती नेमला उसामा, अवघ्या विशीच्या आतबाहेरचा, मुक्त केलेला गुलाम जैद याचा मुलगा. हाताखाली कुरैशांचे ज्येष्ठ. तेव्हाही कुजबुज झाली.

६३२ साली पैगंबर वारले. त्यांचे साथी उमर यांच्यासारख्या माणसालाही ते खरे वाटेना. अबू बक्र मशिदीत आले आणि म्हणाले, जो मुहम्मदांची भक्ती करत होता त्याने समजावे की मुहम्मद वारले, आणि जो अल्लाहची भक्ती करतो त्याने जाणावे की अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. तौहीदची याहून कठीण परीक्षा नव्हती आणि ती त्या वाक्याने पार पडली. पण त्याच दिवशी बनू साइदाच्या मांडवाखाली दुसरी बैठक चालली होती. खलिफा कोण? मदिनेचे अन्सार म्हणाले एक आमच्यातला, एक तुमच्यातला. उत्तर आले, अरब लोक कुरैशांशिवाय कोणाचे नेतृत्व मानणार नाहीत. व्यवहार म्हणून ते खरेही असेल. पण पैगंबरांचे दफन व्हायच्या आत कूळ दारातून परत आले होते.

पुढचा शंभर वर्षांचा इतिहास हा त्या दाराचा इतिहास आहे. पहिले खलिफा झालेल्या अबू बक्र यांनी बैतुलमालमधून सर्वांना सारखे वाटप केले. त्यांच्यानंतरचे खलिफा उमर यांनी दिवाणची वही केली आणि त्यात कोण आधी मुसलमान झाला, कोण कुठल्या लढाईत होता आणि कोण पैगंबरांच्या किती जवळचा, या हिशोबाने श्रेणी लावल्या. इराण, इराकचे जे लोक मुसलमान झाले त्यांना कुठल्या तरी अरब टोळीचे आश्रित म्हणून नाव लावून घ्यावे लागे. त्यांना मवाली म्हणत. पुढे आलेल्या उमय्या घराण्याच्या राजवटीत इराकचा सुभेदार हज्जाज याने नवमुस्लिम शेतकऱ्यांकडूनही जिझिया वसूल केला आणि शहरात आलेल्यांना गावाकडे हाकलून लावले. कलमा एकच, नमाजाची रांग एकच, पण करवसुलीच्या वहीत माणूस अरब नाही म्हणून वेगळा. ७१७ साली गादीवर आलेल्या उमर इब्न अब्दुल अझीझ यांनी तो जिझिया बंद करायचा हुकूम काढला. ते तीन वर्षांत वारले. ७५० साली खुरासानातून आलेल्या उठावात उमय्या राजवटच कोसळली, आणि त्या उठावात मवालींचा हात मोठा होता.

त्याहून खोलवर रुतले ते लग्न. फिक्हमध्ये कफाअत नावाचे प्रकरण आहे, म्हणजे वर वधूच्या तोडीचा असणे. इमाम मालिक यांच्या परंपरेने मुख्य भर धर्मनिष्ठेवर दिला. हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेच्या, ग्रंथांनी मात्र त्यात वंश आणला आणि धंदाही. विणकर, रक्त काढणारा हज्जाम, कातडी कमावणारा, झाडूवाला हे अत्तरविक्याच्या किंवा कापडविक्याच्या तोडीचे नाहीत. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. कोकणातले शाफई परंपरेचे, पण कफाअत तिथेही आहेच. म्हणजे जात आम्ही फक्त हिंदू शेजाऱ्यांकडून घेतली, हे आमचे आवडते उत्तर अपुरे आहे. शेजाऱ्यांकडून घेतली हे खरे, आणि ती ठेवायला आमच्या कपाटात जागा तयार होती हेही खरे. दिल्लीचा चौदाव्या शतकातला इतिहासकार जियाउद्दीन बरनी तर उघड लिहितो की हलक्या कुळातल्यांना नमाज-रोज्याच्या नियमांपलीकडे लिहायला-वाचायला शिकवू नये.

भारतात लोक जातीच्या जाचातून सुटण्यासाठी मुसलमान झाले, असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि तलवारीच्या धाकाने झाले अशी दुसरी. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी दाखवले आहे की मुसलमानांची वस्ती सर्वांत दाट झाली ती पूर्व बंगाल आणि पश्चिम पंजाबात, म्हणजे जिथे वर्णव्यवस्था पुरती रुजलीही नव्हती आणि दिल्लीचे तख्तही दूर होते. दोन्ही सोप्या गोष्टी नकाशावर टिकत नाहीत. महाराष्ट्रात तर धर्म बदलला आणि धंदा तोच राहिला. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार, शिकलगार, खाटीक, छप्परबंद. गावगाड्यात मुलाण्याचीही जागा ठरलेली होती. मी स्वतः तांबोळ्याच्या घरातला. लग्नाचा विषय निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न आजही तोच, स्थळ आपल्या जमातीतले आहे ना?

गेल्या शतकात उत्तर हिंदुस्थानातल्या विणकरांनी जुलाहा हे हिणवणारे नाव टाकून दिले आणि मोमीन म्हणवून घेतले, अन्सारी आडनाव लावले. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर ही आडनावे आज घरोघर आहेत. अन्सार म्हणजे मदिनेचे ते यजमान, सादची माणसे. खाटकांनी कुरेशी आडनाव घेतले. मला या नावांबद्दल आदर आहे. अपमान झटकायला माणसे थेट मदिनेपर्यंत गेली. पण बघा, समता मागतानासुद्धा अरबांचे कूळच मागावे लागले. नुसते मोमीन, म्हणजे श्रद्धावान, असणे पुरले नाही.

डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात १९०१च्या बंगाल जनगणनेतला उतारा देऊन अश्रफ म्हणजे उच्चकुलीन, अजलाफ म्हणजे हलके आणि अर्जल म्हणजे सर्वांत खालचे, ही उतरंड समोर ठेवली. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातही तेच तीन थर आहेत. तरी १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा लागे. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, मुसलमान आणि ख्रिश्चन बाहेर राहिले. कारण काय, तर इस्लाममध्ये जात नाही. मौलाना हेच वाक्य अभिमानाने म्हणतात आणि सरकार हेच वाक्य नकार म्हणून म्हणते. मैला उचलणाऱ्या हलालखोर बाईला दोन्हीकडून एकच उत्तर मिळते. तत्त्व जेव्हा तक्रार ऐकायचे थांबते तेव्हा ते तत्त्व मानणाऱ्यांनीच ओरडले पाहिजे. जालन्याहून शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींचे संघटन उभे केले तेव्हा त्यांनाही तुम्ही उम्मत फोडता आहात असेच सुनावले गेले.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे एक आणि गावात परतले की चोखोबाची वस्ती वेशीबाहेर, हे आपण शतकानुशतके पाहिले आहे. विठ्ठलाचे मंदिर दलितांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. जोतीराव फुल्यांना हे नेमके कळले होते. त्यांचा निर्मिक एकच, आणि त्याच्या सगळ्या लेकरांचा हक्क सारखा. महंमद पैगंबरांवर त्यांनी कविता लिहिली ती याच जिव्हाळ्याने. पण फुले निर्मिकापाशी थांबले नाहीत. १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, भटजीशिवाय लग्ने लावली, शाळा काढल्या, घरचा हौद खुला केला. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मंडळ काढले तेव्हा नाव घेतले ते फुल्यांचेच, मुस्लिम सत्यशोधक. दलवाईंची भाषा माझ्या समाजाला लागली, कधी मलाही लागते. पण १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध ज्या सात स्त्रियांना घेऊन ते मुंबईत मोर्चाने गेले, त्या स्त्रियांमध्ये मला सादची विधवा दिसते. तीही गाऱ्हाणे घेऊन आली होती, आणि तिला गप्प राहा असे कोणी म्हटले नव्हते.

सादच्या मुलींचा वाटा पुढे मुंबईच्या कोर्टातही गेला. १८४७ साली खोजा या मुस्लिम व्यापारी जमातीच्या घरातल्या मुलींनी कुरआनातला वाटा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की खोजांची रूढी मुलींना वाटा न देण्याची आहे आणि रूढीच चालेल. प्रतिवादी मुसलमान होते आणि आपल्याच ग्रंथाविरुद्ध ते रूढी घेऊन उभे होते. १९३७ साली शरीयत कायदा आला तो अशा रूढी मोडण्यासाठी, आणि त्याच्या उद्देशपत्रिकेत मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांचा दाखला आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात कंसात सहा शब्द घातले गेले आणि शेतजमीन वगळली गेली. शेती हा प्रांतांचा विषय, हे कारण. ज्या देशात मालमत्ता म्हणजे जमीनच होती त्या देशात मुलींना भांडीकुंडी आणि घराच्या भिंती यांत वाटा मिळाला. शरीयत धोक्यात आली म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्या आमच्या संघटनांनी या कंसासाठी मोर्चा काढलेला मी पाहिलेला नाही.

सातारा जिल्ह्यात आमची सात एकर जमीन. आजोबा वारले तेव्हा तीन मुलगे आणि एक मुलगी, माझी फुफू. आजी आधीच गेलेली. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, म्हणजे सातातला एक वाटा, बरोबर एक एकर. हा हिशोब घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. माझे वडील पाच वेळचे नमाजी, जकात पैशापैशाची काढणारे. चाळिसाव्याच्या फातिहानंतर फुफूकडून हक्कसोडपत्र करून घेतले, तालुक्याला नेऊन. शेजारच्या मराठ्यांच्या, माळ्यांच्या घरांतही बहिणी तेच करत होत्या, आजही करतात. माहेर तुटू नये म्हणून. तलाठ्याने फेरफार ओढला, सातबाऱ्यावरून तिचे नाव गेले. दर ईदला तिला साडी जात राहिली. त्या सात एकरांच्या उसावर माझे कॉलेजचे शिक्षण झाले.

फुफू आता नाही. तिच्या दोन मुली कराडला असतात. यंदा ईदला सगळे जमलो होतो तेव्हा मी तो एकर त्यांच्या नावे करायचा विषय काढला. मोठा चुलतभाऊ शांतपणे म्हणाला, तिने तर राजीखुशीने लिहून दिले होते. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा, वडिलांबरोबर कचेरीत गेलो होतो. तिला कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही. शाईचा पॅड आठवतो. फुफू सातवी शिकलेली होती, तिला सही येत होती. तिचा अंगठा घेतला होता.